बाईंना विचारा: ग्रुपवर तीनशे मेसेज, पण उद्या शाळा आहे का?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की कोविडमध्ये आमच्या शाळेत सगळ्यात जास्त काम कोणी केलं असेल तर गेटवरच्या फळ्याने. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं पान त्याच विषयाला देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी लालबागच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका, २०२२ ला रिटायर झाले, राहते डोंबिवलीला. चला, पहिलं पत्र.

नमस्कार बाई, भांडुपच्या एका अनुदानित शाळेत मी यंदा मुख्याध्यापिकेचा चार्ज घेतलाय. संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की परत साथबिथ आली आणि शाळा अचानक बंद करावी लागली तर पालकांना कळवायचं कसं, त्याचा प्लॅन कागदावर पाहिजे. नेटवर एक इंग्रजी नमुना मिळाला, चौदा पानी, त्यात प्रत्येक पालकाला ईमेल आहे असं धरून चाललेत. आमच्याकडे पालकांचा ईमेल म्हणजे मुलाने गेमसाठी उघडलेला. २०२० ला मी नुसती वर्गशिक्षिका होते, वरून आलेलं खाली ढकलत होते. तुम्ही काय केलं ते खरं खरं सांगा, छापायला चांगलं दिसेल असं नको. – नवीन मुख्याध्यापिका, भांडुप

खरं खरं सांगायचं तर पहिला महिनाभर मी चुकाच केल्या, त्याच आधी सांगते, तुम्हाला जास्त कामाला येतील.

१४ मार्च २०२०, शनिवार. शहरातल्या शाळा ३१ मार्चपर्यंत बंद, दहावी बारावीचे पेपर मात्र चालू, असा आदेश आला. मी लेटरहेड काढलं आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात करून पानभर परिपत्रक लिहिलं, सही केली, शिक्का मारला, फोटो काढून बाराही वर्गांच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात फोन सुरू. 'बाई, ते पत्र आलंय ना, म्हणजे सुट्टी आहे का?' छोट्या मोबाईलवर त्या फोटोतलं अक्षर वाचता येत नव्हतं, ज्यांना येत होतं त्यांना शेवटपर्यंत जायचा धीर नव्हता, आणि मुद्दा होता शेवटून तिसऱ्या ओळीत. जन्मभर निबंध तपासताना मुलांना 'पाल्हाळ नको, मुद्द्यावर या' असं लाल शाईने लिहीत आले आणि माझी वेळ आली तेव्हा हे.

दुसरी चूक जास्त मोठी. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. २१ ला कळलं की पुढे ढकलला. २२ ला जनता कर्फ्यू, मग लोकल बंद, २५ पासून लॉकडाऊन. पेपर रद्द हे जाहीर झालं १२ एप्रिलला. मधले पहिले पंधरा दिवस मी ग्रुपवर एक अक्षर टाकलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, वाटायचं की मुख्याध्यापिकेने उगाच अंदाज कशाला पसरवायचे. पण पालकांनी त्याचा अर्थ काय काढला, तर बाईंना माहितीय आणि त्या सांगत नाहीयेत. त्यातच कुणीतरी पेपरची तारीख असलेला एक फॉरवर्ड आणून सोडला. त्या रात्री साडेदहाला एका मुलीच्या वडिलांचा फोन. ते बायकोमुलांना घेऊन टेम्पोत बसून महाडला निघाले होते, मागे इंजिनाची घरघर, माणूस ओरडून विचारतोय, 'बाई, पेपर असेल तर आम्ही मागे फिरतो, आत्ता पनवेललाच आहोत.' मी म्हटलं, फिरू नका, तारीख कुणीच जाहीर केलेली नाही, झाली की मी स्वतः फोन करेन. फोन ठेवला आणि पोटात कसंतरी झालं, कारण हेच वाक्य मी पंधरा दिवस आधी ग्रुपवर टाकू शकले असते की.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, दर शनिवारी संध्याकाळी ६ वाजता मेसेज जाणार म्हणजे जाणार. काही नवीन नसलं तरी. 'या आठवड्यात नवीन काही आलेलं नाही. भूगोलाबद्दल बोर्डाने अजून काही सांगितलेलं नाही. पुढचा मेसेज शनिवारी ६ वाजता.' एवढंच. तुम्हाला खोटं वाटेल पण या रिकाम्या मेसेजने माझा फोन शांत झाला. लोकांना माहिती नसल्याचा त्रास कमी होतो हो, ती कधी मिळणार हे माहीत नसल्याचा जास्त. ४ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत आठवीपासूनचे वर्ग भरले तोवर एकही शनिवार चुकला नाही. मला स्वतःला कोविड झाला तेव्हाचे दोन आमच्या पर्यवेक्षक सरांनी टाकले, माझ्याच नावाने, कुणाला पत्ताही लागला नाही.

आता शाळा कधी उघडणार ही भानगड. तुम्हाला आठवत असेल, मुंबईत दोन सरकारं असल्यासारखं चालायचं. राज्याने सांगितलं २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी सुरू, टीव्हीवर दिवसभर तीच पट्टी, आणि शुक्रवारी २० तारखेला महापालिकेने सांगितलं की मुंबईतल्या शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंदच. म्हणजे बातमी खरी होती पण आपल्यासाठी खोटी होती! पुढच्या वर्षी परत तेच, पहिलीपासूनचे वर्ग राज्यात १ डिसेंबर २०२१ ला आणि मुंबईत १५ डिसेंबरला, मग जानेवारीत ओमायक्रॉन म्हणून पुन्हा बंद, महिनाअखेरपर्यंत असं सांगून २४ जानेवारीलाच पुन्हा सुरू. गावाला असलेल्या पालकांचं तर डोकंच फिरायचं, तिथल्या चुलत भावाची शाळा चालू आणि आमची का नाही. त्या नोव्हेंबर २०२० मध्ये मी पाठवलेला एक मेसेज अजून फोनमध्ये आहे, जसाच्या तसा देते:

'आपली शाळा सोमवारी २३ तारखेला उघडणार नाही. टीव्हीवरची बातमी राज्याची आहे, मुंबईसाठी महापालिकेचा आदेश वेगळा आहे. ३१ डिसेंबरपर्यंत बंद. ऑनलाईन तास आहेत तसेच. गावाला असाल तर यायची घाई करू नका. पुढचा मेसेज शनिवारी ६.'

बघा, यात 'कळविण्यात येते' नाही, जीआरचा नंबर नाही. पहिल्या वाक्यात उत्तर आहे, मग टीव्हीवर दुसरंच दिसतंय ते का, मग तुम्ही काय करायचं. माझ्या मते तुमच्या प्लॅनमध्ये असे पाच सहा मेसेज तयार लिहून ठेवा, तारखेच्या जागी टिंब. ज्या दिवशी गोंधळ होतो त्या दिवशी चांगली वाक्यं सुचत नाहीत.

पण हे सगळं फोन लागला तर. शाळा बंद झाल्यावर मी वर्गशिक्षिकांना सांगितलं की कॅटलॉगमधला, म्हणजे हजेरीपटातला, प्रत्येक नंबर लावून बघा, मेसेज नको, फोन. तिसरा हिस्सा तरी लागलाच नाही. कुणाचा नंबर पहिलीच्या ॲडमिशनचा आणि मुलगा आता सातवीत. कुणाचा नंबर शेजाऱ्यांचा, आमच्या चाळीत पूर्वी पीपी नंबर द्यायचे तसा, आणि शेजारी खोली विकून बदलापूरला गेलेले. कुणाचा रिचार्ज संपलेला, आणि रिचार्ज संपला की थोड्या दिवसांनी इनकमिंगही बंद होतं हे मला तेव्हा कळलं. आणि बऱ्याच घरात स्मार्टफोन एकच, तो बापाबरोबर कामावर जातो, म्हणजे सकाळी १० ला टाकलेला मेसेज घरात पोचतो रात्री ९ ला, तोवर दहाचा ऑनलाईन तास होऊन गेलेला. म्हणून आमची मेसेजची वेळ संध्याकाळची झाली, त्याच्यामागे काही शास्त्र नव्हतं.

तेव्हा एक साधी दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलापुढे चार रकाने. आईचा नंबर, वडिलांचा, गावचा, आणि चौथा रकाना 'निरोप कुठे ठेवायचा'. या चौथ्या रकान्यात काय काय होतं सांगू, वाण्याचं दुकान, पिठाची गिरणी, मंडळाचा सेक्रेटरी, एका मुलीच्या पुढे लिहिलं होतं 'खालची मावशी, केळीवाली'. त्या केळीवाल्या मावशींनी आम्हाला दोन वर्षांत एकदाही फसवलं नाही, ॲपने मात्र फसवलंय. तुमच्या चौदा पानांतली तेरा फाडा आणि ही वही करा, आणि दर जूनला नि दिवाळीच्या सुट्टीनंतर नंबर परत लावून बघा. पालकांकडून फॉर्म भरून घेऊन उपयोग नाही, फॉर्मवर माणूस सवयीने जुनाच नंबर लिहितो.

आणि फळा. शाळा लालबागला, मी डोंबिवलीला, शिक्षक विरार, पनवेल, कर्जत, आणि मधे लोकल बंद. शाळेपाशी कोण, तर आमचे शिपाई मामा, ते मागच्याच चाळीत राहायचे. मी त्यांना फोनवर मजकूर सांगायचे, ते खडूने फळ्यावर लिहायचे आणि फळा गेटच्या आतल्या बाजूला जाळीला बांधायचे, बाहेरून वाचता येईल असा. मामांचं शुद्धलेखन आपलं त्यांचं त्यांचं, 'दहावि' लिहायचे, मी एकदा दुरुस्त करायला गेले तर म्हणाले, 'बाई, लोकांना कळतंय ना.' कळत होतं. भाजीला निघालेली बाई दोन मिनिटं उभी राहून वाचायची, वर जाऊन मजल्यावर सांगायची. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर टिलीमिली लागायला लागलं, पहिली ते आठवीचे पाठ, तर कुठल्या इयत्तेचं किती वाजता हे पण मामा फळ्यावर लिहायचे, कारण घरात फोन नसला तरी टीव्ही होता.

पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ वाटायचो तो दिवस तर आमची खरी पालकसभा. वर्गाप्रमाणे वेळ ठरवून दिलेली, पालक पिशव्या घेऊन अंतर ठेवून उभे, आणि प्रत्येकाला पिशवीबरोबर एक चिठ्ठी. ज्यांचा नंबर लागत नव्हता त्यातले किती तरी तांदळाच्या रांगेत सापडले, तिथेच वहीत नवीन नंबर घेतला आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन बघितला.

एक राहिलं, कोणी बोलायचं. आमच्याकडे एका वर्गाच्या ग्रुपवर शिक्षिकेने चांगल्या मनाने टाकलं की 'बहुतेक सोमवारपासून सुरू होईल असं वाटतंय'. त्याचा स्क्रीनशॉट एका तासात बाकीच्या अकरा ग्रुपवर, आणि त्यातलं 'बहुतेक' कुणी वाचलंच नाही. मग नियम केला, शाळा बंद, चालू, परीक्षा, फी यावरचा शब्द एकाच नंबरवरून जाणार, ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहिणार, शिक्षकांनी तोच मेसेज पुढे टाकायचा, आपली फोडणी नको. अभ्यासाचे ग्रुप वेगळे, तिथे काय वाटेल ते बोला.

आणि काही गोष्टी ग्रुपवर कधीच टाकायच्या नाहीत. कुणाच्या घरी पॉझिटिव्ह आलं तर मुलाचं नाव, इमारत, मजला, काही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या सहावीतल्या एका मुलाचे वडील गेले आणि त्या घरातून निरोप यायच्या आधीच ग्रुपवर श्रद्धांजलीचे हात जोडलेले फोटो पडायला लागले, मुलगा त्याच ग्रुपवर ऑनलाईन तासाला बसलेला. तेव्हापासून असा निरोप वर्गशिक्षिकेने फोन करून आणि फक्त त्या घराशी. पुढे जूनमध्ये आई वडील दोघंही कोविडने गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांच्या मुदत ठेवीची योजना आणली, ती माहितीसुद्धा त्या त्या घरी जाऊन सांगायला लावली. ग्रुपवर टाकली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं की ही कुणासाठी आहे.

बाई, माझी दोन मुलं दोन वेगळ्या शाळांत, एकूण पाच ग्रुप. पाऊस लागला की रात्री ११ पासून 'उद्या सुट्टी आहे का' सुरू, तीनशे मेसेज होतात. २०२४ च्या जुलैत त्या सोमवारी मी धाकट्याला घेऊन पाण्यातून शाळेपर्यंत गेले, गेटवर कळलं सुट्टी, ग्रुपवर मेसेज आलेला पण वरती दोनशे मेसेजखाली गेलेला. कुणावर विश्वास ठेवायचा? – एक आई, कुर्ला

ताई, तो ८ जुलै. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता आणि पालिकेने सुट्टी जाहीर केली ती सकाळीच, आधी फक्त सकाळच्या सत्राला, दुपारचं नंतर. सकाळी ७ ची शाळा असलेलं मूल साडेसहाला घराबाहेर पडतं, त्यामुळे तुमची चूक नाही, आणि शाळेचीही फारशी नाही. पावसाचं हे असंच असतं. कोविडची बंदी महिनोन्महिन्यांची, पावसाची बंदी एखाद्या दिवसाची, पण कळवायचं गणित तेच.

तुमच्यापुरतं सांगते. पाचही ग्रुप म्यूट करा, आणि दोन्ही शाळांचा जो एकेक अधिकृत नंबर किंवा ग्रुप आहे तेवढाच पिन करून वर ठेवा, त्याचा आवाज वेगळा लावा. शाळेचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय का बघा, कारण बऱ्याच शाळा ब्रॉडकास्टने पाठवतात आणि व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट ज्याने नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. निम्म्या 'आम्हाला मेसेजच येत नाही' तक्रारींचं मूळ इथे असतं. पालिकेच्या नावाचं सुट्टीचं पत्रक आलं की पहिल्यांदा तारीख आणि वार बघायचा, ते जुळतात का, मागच्या वर्षीचे स्क्रीनशॉट दरवर्षी उगवतात, गणपतीसारखे. आणि पालिकेच्या स्वतःच्या अकाऊंटवर तेच आहे का बघायचं. मेसेजच्या वर दोन तीर म्हणजे पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेला, असल्या मेसेजवर मी मुलाला घरी ठेवणार नाही आणि पाठवणारही नाही. यात 'उद्या सुट्टी आहे का' विचारणाऱ्या आया पण आल्या हं, त्या विचारतात म्हणूनच खरा मेसेज दोनशेच्या खाली जातो.

पण मला जास्त काळजी वाटते ती सुट्टीची नाही, भरलेली शाळा अर्ध्यात सोडण्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्या शाळेत त्या रात्री चाळीस एक मुलं राहिली, वडापाव आणि पार्लेजीवर. तेव्हा कुणाकडे मोबाईल होते, लँडलाईन पण मेल्या होत्या. ज्यांना घरच्यांनी नेलं त्यातल्या दोघांना कोणी नेलं हेच आम्हाला सांगता येईना, रात्री २ वाजता एका आईसमोर मी उभी आणि मला माहीत नाही की तिची मुलगी कोणाबरोबर गेली. (तिच्या मामाबरोबर गेली होती, परळला, सुखरूप.) म्हणून जूनमध्येच शाळेला लिहून द्या, तुमच्याशिवाय कोण कोण मुलाला नेऊ शकतं, नाव, नातं, नंबर, आणि मुलालाही तीच नावं पाठ करून ठेवा. शाळा मागत नसेल तर आपणहून द्या.

आदरणीय बाई, माझं वय ७४, गिरगावात राहतो. नातू इंग्रजी शाळेत, मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीला. शाळेत सोडणं आणणं माझ्याकडे. पण शाळेचं सगळं ॲपवर, इंग्रजीत, आणि ते ॲप सूनबाईंच्या फोनमध्ये. तीन वेळा असं झालं की शाळा लवकर सुटली आणि मी घरी पेपर वाचतोय. सूनबाई मीटिंगमध्ये. बोलायचं कोणाला? – एक आजोबा

काका, सूनबाईंना बोलू नका, त्या बिचाऱ्यांचा फोन बॅगेत असणार. शाळेला बोला. एक सरळ अर्ज द्या, मराठीतच द्या, की मुलाला आणणारी व्यक्ती मी आहे, माझा नंबर दुसरा संपर्क म्हणून नोंदवा आणि वेळ बदलली तर मला फोन करा, मेसेज नको. शाळांना वाटतं पालक म्हणजे आईवडील. मुंबईत दुपारी गेटवर जाऊन बघा ना, आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, रिक्षाकाका हेच असतात, आणि ज्याला निरोप पाहिजे नेमका त्यालाच तो जात नाही.

भाषेचं म्हणाल तर ते पालक शिक्षक संघाच्या बैठकीत मांडायला मुलाला सांगा. याच शहरात महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू, कन्नड, तेव्हा एका शाळेला दोन भाषांत चार ओळी लिहिणं जड जाऊ नये. आमची शाळा मराठी पण कोविडमध्ये लक्षात आलं की पुष्कळ मुलांच्या आया यूपी बिहारच्या, मुलाला मराठी येतं, आईला वाचता येत नाही, आणि काही घरांत मराठी असूनही वाचणारं कोणी नाही. मग लेखी मेसेजच्या खाली मी माझ्या आवाजात एक मिनिटाच्या आत तेच बोलून टाकायचे, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. माझ्या हिंदीला आमच्या घरी सगळे हसतात. पण एका आजीने सांगितलं की बाईंचा आवाज आला की घरातले टीव्ही बंद करतात. तुमच्या शाळेला हेही सुचवून बघा.

मॅडम, मी घाटकोपरला एका शाळेत क्लार्क आहे. व्हॉट्सॲप नसलेल्या पालकांसाठी आम्ही बल्क एसएमएस घेतला. मराठीत लिहिलं की एका मेसेजचे तीन होतात आणि पैसे तिप्पट, इंग्रजीत लिहिलं तर पालक वाचत नाहीत. काय करावं? – एक क्लार्क दादा

दादा, हे मी पैसे घालवूनच शिकले. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजतात. 'शाळा' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, मशीनला चार. त्यामुळे 'सर्व पालकांना नम्र विनंती' यातच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेला. नम्रता फोनवर दाखवा, एसएमएसमध्ये नको. हे बघा: 'उद्या मंगळवार शाळा बंद. बुधवारी सुरू. पुढचा मेसेज उद्या सायं ६.' मी बोटं घालून मोजलंय, मोकळ्या जागा धरून ६३ होतात. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा मोह होईल, तो टाळा, अर्ध्या आयांना ते इंग्रजीच वाटतं आणि त्या पुढे जातात.

आणि एक, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने असे मेसेज पाठवायला आधी मजकुराचा नमुना रजिस्टर करावा लागतो, त्यात बदलणारे शब्द रिकामे ठेवता येतात. ते आत्ता शांतपणे करून घ्या, बंद, सुरू, वेळ बदल, पालकांनी न्यायला यावे, असे चार पाच. शाळा बंद पडल्यावर करायला गेलात तर मंजुरी येईपर्यंत शाळा उघडलेली असेल.

बाई, वर्गाच्या ग्रुपवर एक पालक रात्री साडेअकराला फी, डबा, बाक, पंखा यावर भांडतात. उत्तर द्यावं का? – वर्गशिक्षिका, विक्रोळी

नाही. सकाळी शाळा भरल्यावर त्यांना एकट्याला फोन करा, पंखा खरंच बंद असेल तर दुरुस्त करून घ्या. शाळेच्या कामाचं सिमकार्ड वेगळं घ्या, जमलं तर संस्थेच्या खर्चाने, आणि संध्याकाळी ८ नंतर तो फोन स्वयंपाकघरात ठेवा. मी उशाशी ठेवायचे, त्याची फळं अजून भोगतेय, साडेदहाला कुठेही फोन वाजला की मला पनवेलचा टेम्पो आठवतो.

पुढच्या अंकासाठी प्रश्न २० तारखेच्या आत पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं लिहा. आणि स्वतःचा नंबर लिहिताना आकडे मोजा, यावेळी दोघांनी नऊच लिहिलेत, त्यातल्या एका बाईंना खरंच लगेच उत्तर द्यायचं होतं आणि मी काय करणार आता.